फेडची रेषा खाली आली, म्हणून एसआयपी बंद करू का?

प्रश्न : मी आयुष्यभर एका पतसंस्थेत हिशेबाचं काम केलं, आता निवृत्त आहे. पुतण्यानं मोबाइलवर एक चित्र पाठवलं. त्यात दोन रेषा आहेत. एक अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, एकूण मालमत्तेची, दुसरी तिथल्या शेअर बाजाराची. 2009 पासून दोन्ही हातात हात घालून वर गेलेल्या दिसतात. फेडची रेषा 2022 पासून उतरली आहे. त्यामुळे बाजार कोसळणारच, काकू, तुम्ही एसआयपी बंद करा, असं त्याचं म्हणणं. त्यातच आपल्या रिझर्व्ह बँकेचा ताळेबंद 76 लाख कोटी रुपयांवर गेल्याचं मी वाचलं. एवढ्या नोटा छापल्या का? मग महागाई भडकेल का? माझी एक मोठी मुदत ठेवही लवकरच पुरी होते आहे. ताळेबंद वाचायची मला सवय आहे, पण हा ताळेबंद कसा वाचायचा ते कळत नाही.
– एक वाचक, सांगली

ताई, सप्रेम नमस्कार.

एसआयपी बंद करू नका. पुढेमागे तुमच्या गरजा बदलल्या, पैसे लागले, तर तो निर्णय वेगळा. या चित्राच्या आधारावर मात्र नको. तुमच्या पुतण्याला आकड्यांची आवड आहे ही चांगली गोष्ट आहे, म्हणून त्याला नुसतं ‘चूक’ म्हणून मोकळं होण्याऐवजी त्याचं कुठं बिनसलं ते नीट पाहू. तुम्ही हिशेबाच्या माणूस आहात, त्यामुळे मला फार सोपं करून सांगायची गरज नाही.

सभासदाची ठेव तुम्ही देण्यांच्या बाजूला लिहीत होतात आणि वाटलेलं कर्ज येण्यांच्या बाजूला. रिझर्व्ह बँकही तेच करते. तिच्या देण्यांत सगळ्यात मोठी रक्कम तुमच्या-माझ्या खिशातल्या नोटांची असते. नोटेवर गव्हर्नरांच्या सहीनं धारकाला रक्कम देण्याचं वचन छापलेलं असतं, ते यासाठीच. त्याखेरीज बँकांनी तिच्याकडे ठेवलेली रोख राखीव रक्कम, सरकारची खाती आणि तिचे स्वतःचे राखीव निधी. समोरच्या बाजूला परदेशी सरकारांचे रोखे, परदेशातल्या ठेवी, सोनं, भारत सरकारचे रोखे आणि बँकांना दिलेली उसनवारी. या येण्यांची बेरीज म्हणजेच ‘एकूण मालमत्ता’.

इथवर पतसंस्थेसारखंच. फरक पुढे आहे आणि सगळा विषय त्या फरकात आहे. पतसंस्थेला कर्ज द्यायचं तर आधी ठेव यावी लागते. रिझर्व्ह बँकेला तशी वाट पाहावी लागत नाही. तिनं एखाद्या बँकेकडून 1,000 कोटींचे सरकारी रोखे घेतले की त्या बँकेच्या तिच्याकडच्या खात्यात 1,000 कोटी जमा करते. ते पैसे कुठून दुसरीकडून आणलेले नसतात. नोंद झाली त्या क्षणी ते तयार होतात. येण्यांत रोखे वाढले, देण्यांत बँकेची शिल्लक वाढली, ताळेबंद दोन्हीकडून तेवढाच फुगला. डॉलर विकत घेतले तरी हेच होतं. आणि रोखे किंवा डॉलर विकले की उलट, बँकांच्या खात्यातले पैसे नाहीसे होतात. म्हणून जगभरचे लोक या एका बेरजेवर डोळा ठेवून असतात. मध्यवर्ती बँक अर्थव्यवस्थेत पैसा ओतते आहे की काढून घेते आहे, याचा माग तिथं लागतो.

लागतो खरा, पण बेरीज का बदलली हे कळलं तरच.

आधी तुमच्या नोटांच्या शंकेचं पाहू. मार्च 2025 अखेर रिझर्व्ह बँकेचा ताळेबंद 76.25 लाख कोटींचा होता. त्या वेळी चलनात असलेल्या नोटा सुमारे 37 लाख कोटींच्या, म्हणजे निम्म्याहूनही कमी. वर्षभरात नोटा 6 टक्क्यांनी वाढल्या. एवढ्या मोठ्या आणि वाढत्या देशात हे प्रमाण घाबरण्यासारखं अजिबात नाही. शिवाय नोटा वाढल्या म्हणून ताळेबंद वाढतोच असंही नाही. दिवाळीत लोक बँकेतून रोकड काढतात, तेव्हा बँका ती रिझर्व्ह बँकेकडून उचलतात. नोटांचं देणं वाढतं, बँकांच्या शिलकीचं देणं तेवढंच घटतं. बेरीज जागची हलत नाही.

नोटबंदीचं वर्ष याचं टोकाचं उदाहरण आहे. 8 नोव्हेंबर 2016 च्या घोषणेनं 15 लाख कोटींहून जास्त किमतीच्या नोटा बाद झाल्या. देशातलं कोणतंही घर, कोणतंही दुकान त्यातून सुटलं नाही, सहकारी पतपुरवठा क्षेत्रानं तर ते दिवस फार जवळून सोसले. आणि जून 2016 ते जून 2017 या वर्षात रिझर्व्ह बँकेचा एकूण ताळेबंद केवळ 2 टक्क्यांच्या आसपास वाढला. नोटा बँकांत परत आल्या, बँकांनी ते पैसे रिझर्व्ह बँकेकडे ठेवले, एक देणं कमी होऊन दुसरं वाढलं. नुसती बेरीज पाहणाऱ्याला त्या वर्षी देशात काही घडलं असा संशयही आला नसता.

आता येण्यांच्या बाजूकडे वळू. भारताची गोष्ट अमेरिकेहून वेगळी का, ते इथं दिसतं. मार्च 2025 ला आपल्या रिझर्व्ह बँकेच्या मालमत्तेत जवळपास 74 टक्के हिस्सा परकीय चलनातल्या मालमत्तेचा आणि सोन्याचा होता. देशांतर्गत मालमत्ता 26 टक्क्यांच्या आतबाहेर. याचा अर्थ, ताळेबंदाचा तीन चतुर्थांश भाग डॉलरचा भाव, इतर चलनांचे भाव आणि सोन्याचा भाव यांच्या तालावर हलतो. रुपया घसरला की त्याच डॉलरांची रुपयांतली किंमत वाढते. गव्हर्नरांनी काही न करता ताळेबंद वाढलेला दिसतो.

2024-25 मध्ये तो 8.2 टक्के वाढला. त्यात सोन्याची किंमत तब्बल 52 टक्क्यांनी वाढली होती. पण प्रत्यक्ष सोनं किती वाढलं? 822 टनांवरून 880 टन, म्हणजे फार तर 7 टक्के. उरलेली सगळी वाढ सोन्याच्या चढलेल्या भावाची आणि उतरलेल्या रुपयाची. तुमच्या आईनं दिलेल्या पाटल्या कपाटात तशाच आहेत, भाव दुप्पट झाला म्हणून घरखर्चाला एक रुपयाही जास्त येत नाही, तसंच हे. देण्यांच्या बाजूला याची जोडी जमते ती पुनर्मूल्यांकनाच्या खात्यांत, म्हणजे नुसत्या भाववाढीचा नफा जिथं नोंदवतात त्या खात्यांत. ती खाती त्या वर्षी 17 टक्क्यांनी वाढली. बँकांच्या हातात त्यातून काही आलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या राखीव निधीचा विचार करायला नेमलेल्या बिमल जालान समितीनं 2019 मध्ये या कागदी नफ्याबद्दल स्पष्ट भूमिका घेतली, की तो जोखमीसाठी राखून ठेवायचा, सरकारला वाटायचा नाही. 2024-25 साठी सरकारला गेलेले 2.69 लाख कोटी त्यातले नाहीत. ते डॉलरविक्रीतला प्रत्यक्ष नफा आणि रोख्यांवरचं व्याज यांसारख्या हाती आलेल्या उत्पन्नातून आले.

त्याच वर्षाची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. ऑक्टोबर 2024 पासून रुपयावर ताण आला आणि तो सावरायला रिझर्व्ह बँकेनं मोठ्या प्रमाणावर डॉलर विकले. डॉलर विकले की रुपये आत ओढले जातात. जानेवारी 2025 च्या अखेरीस बँकिंग व्यवस्थेतली रोकडटंचाई 3 लाख कोटींच्या पुढे गेली होती. बँका एका रात्रीच्या उसनवारीसाठी रिझर्व्ह बँकेच्या दारात उभ्या होत्या. ती टंचाई भरून काढायला रिझर्व्ह बँकेनं खुल्या बाजारातून सरकारी रोखे घेतले, डॉलर-रुपया अदलाबदलीचे व्यवहार केले. रोख राखीव प्रमाण, म्हणजे बँकांना ठेवींतला जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवावाच लागतो तो, डिसेंबर 2024 मध्ये 4.5 वरून 4 टक्क्यांवर आणलंच होतं, पुढे 2025 च्या अखेरपर्यंत टप्प्याटप्प्यानं ते 3 टक्क्यांवर नेलं. पाहा, 2024-25 ची बेरीज 8.2 टक्क्यांची वाढ दाखवते, आणि त्याच वर्षात बँकांकडे पैशाचा दुष्काळ पडून गेला. ‘ताळेबंद वाढला म्हणजे पैसा सैल झाला’ हे वाक्य त्या वर्षापुरतं तरी साफ खोटं ठरलं.

आणि पैसा खरोखर ओतलेला असतानाही तो कशाची खूण आहे हे विचारावं लागतं. जून 2020 अखेरच्या वर्षात रिझर्व्ह बँकेचा ताळेबंद 30 टक्क्यांनी वाढून 53 लाख कोटींच्या वर गेला. त्याच वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत, एप्रिल ते जून 2020 मध्ये, देशाचं उत्पन्न आदल्या वर्षीच्या तुलनेत पहिल्या अंदाजाप्रमाणे 23.9 टक्क्यांनी आकसलं. बँकांच्या खात्यात पैसे होते, पण कर्ज मागणारं कोणी नव्हतं आणि द्यायचीही बँकांना भीती वाटत होती. त्यातला बराच पैसा फिरून परत रिझर्व्ह बँकेकडेच ठेव म्हणून येऊन पडला. मध्यवर्ती बँकेचा ताळेबंद बहुतेक वेळा अडचणीच्या काळात फुगतो. त्याची वाढ समृद्धीचं माप समजणारे इथं फसतात, आणि त्याची वाढ म्हणजे लगेच महागाई असं मानणारेही. ओतलेला पैसा कर्ज होऊन बाजारात फिरला तर भाव वाढतात. बँकांच्या खात्यात पडून राहिला तर कितीतरी काळ काहीच होत नाही. जपानच्या मध्यवर्ती बँकेनं मार्च 2001 मध्ये हा मार्ग सगळ्यांच्या आधी धरला. पुढे तिची मालमत्ता देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाहून मोठी झाली, तरी 2 टक्के महागाई आणण्यासाठी त्या देशाला वर्षानुवर्षं झगडावं लागलं. आपल्या रिझर्व्ह बँकेचं हे प्रमाण मार्च 2024 ला 24 टक्के होतं.

आता पुतण्याचं चित्र.

फेडच्या बाबतीत एकूण मालमत्ता हा आकडा धोरणाच्या जास्त जवळ जातो, हे त्याचं बरोबर आहे. फेडकडे परकीय चलनाचा भाग नगण्य आहे. बहुतेक सगळी मालमत्ता अमेरिकी सरकारचे रोखे आणि घरकर्जांवर आधारलेले रोखे. 2008 च्या संकटाआधी ही बेरीज 90 हजार कोटी डॉलरांच्या घरात होती. व्याजदर शून्याजवळ नेऊनही अर्थव्यवस्था उठेना, तेव्हा बेन बर्नान्के यांच्या फेडनं रोख्यांची प्रचंड खरेदी केली आणि 2014 च्या अखेरीस बेरीज 4.5 लाख कोटी डॉलरवर गेली. कोविडनंतर एप्रिल 2022 मध्ये ती 9 लाख कोटींना भिडली. त्यानंतर जून 2022 पासून फेडनं मुदत भरलेल्या रोख्यांचे पैसे पुन्हा पूर्णपणे गुंतवणं थांबवलं आणि रेषा खाली येऊ लागली. ती घट 1 डिसेंबर 2025 पासून थांबवण्यात आली, तोवर बेरीज साधारण 6.6 लाख कोटींवर आली होती. पुतण्याच्या चित्रात हा शेवटचा भाग आहे का, ते एकदा पाहून घ्या.

त्याच्या म्हणण्याप्रमाणे या उताराच्या काळात बाजार पडायला हवा होता. 2022 मध्ये तो पडलाही, पण 2023 मध्ये अमेरिकेचा एस अँड पी 500 निर्देशांक सुमारे 24 टक्के वाढला आणि 2024 मध्ये आणखी 23 टक्के. मार्च 2023 चा अपवाद सोडला तर फेडची रेषा तेव्हा उतरतच होती. हे कसं झालं याचं एक कारण देण्यांच्या बाजूला सापडतं, आणि तुमच्यासारख्या हिशेबनिसाला ते लगेच पटेल. 2022 च्या अखेरीस मनी मार्केट फंडांनी (अगदी थोड्या मुदतीसाठी पैसे गुंतवणाऱ्या फंडांनी) फेडकडे एका रात्रीच्या मुदतीनं ठेवलेले पैसे 2.5 लाख कोटी डॉलरवर गेले होते. फेडची मालमत्ता घटू लागली तसे आधी हे वरचे पैसे कमी होत गेले. बँकांची स्वतःची शिल्लक 2022 च्या मध्यात जवळपास 3.3 लाख कोटी होती, दोन वर्षांनंतरही ती तिथंच होती. येण्यांतून जे गेलं त्याचा भार कुठल्या देण्यावर पडला, हे त्या चित्रात नाही. दोन रेषा एकावर एक ठेवणाऱ्या अशा चित्रांत प्रत्येक रेषेला वेगळी मोजपट्टी असते. दोन्ही कित्येक वर्षं वर जाणाऱ्या असल्या की मोजपट्ट्या थोड्या सरकवून त्या चिकटवून दाखवता येतात. म्हणून अशा चित्राबद्दल मला नेहमी शंका येते, कितीही देखणं असलं तरी.

बेरीज वाढली म्हणून धोरण सैल झालं, हा अंदाजही अमेरिकेत एकदा जोरात चुकला. मार्च 2023 मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. एका आठवड्यात फेडची मालमत्ता जवळपास 30 हजार कोटी डॉलरनं वाढली. पुन्हा पैसा ओतायला सुरुवात झाली, असा गलका झाला. ती वाढ घाबरलेल्या बँकांना दिलेल्या तातडीच्या कर्जांची आणि बुडालेल्या बँका सांभाळण्यासाठी दिलेल्या कर्जांची होती. त्याच महिन्यात फेडनं व्याजदर वाढवला.

भारतासाठी मात्र फेडच्या या आकड्याचा एक धडा खरोखर महागडा ठरला. 22 मे 2013 रोजी बर्नान्के यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे एवढंच सांगितलं, की परिस्थिती सुधारत राहिली तर रोखेखरेदीचा वेग पुढच्या काही बैठकांत कमी करता येईल. जगभरच्या गुंतवणूकदारांनी पैसे काढायला सुरुवात केली. तेव्हा डॉलर 55-56 रुपयांना होता. 28 ऑगस्टला तो 68 च्या पुढे गेला. सरकारनं सोन्यावरचं आयात शुल्क 10 टक्क्यांवर नेलं, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला गव्हर्नरपदी आलेल्या रघुराम राजन यांना परदेशस्थ भारतीयांच्या डॉलर ठेवींची खास सवलत काढून गंगाजळी भरावी लागली. त्या वर्षी मुलांना शिकायला परदेशी पाठवलेल्या कित्येक मराठी घरांना फीचा वाढलेला हप्ता अजून आठवत असेल. या सगळ्या उलथापालथीत फेडच्या एकूण मालमत्तेची रेषा कुठं जात होती? वर. खरेदीचा वेग कमी करायची घोषणा डिसेंबर 2013 मध्ये झाली आणि मालमत्ता पुढचं जवळजवळ वर्षभर वाढतच राहिली. बाजार पुढे काय होणार याच्या अंदाजावर हलतो. आठवड्याच्या शेवटी छापून आलेली बेरीज त्याला शिळी असते.

आणखी एक. केवढा ताळेबंद म्हणजे मोठा, हेही ठरलेलं नसतं. सप्टेंबर 2019 मध्ये फेडची मालमत्ता 3.8 लाख कोटी डॉलर होती, 2008 च्या आधीच्या चौपट. तरी एके दिवशी अमेरिकी बँका-वित्तसंस्थांमध्ये एका रात्रीच्या पैशाचा दर 10 टक्क्यांपर्यंत उसळला, कारण बँकांना नियमांपोटी आणि सावधगिरीपोटी आता पूर्वीपेक्षा खूप जास्त शिल्लक लागत होती.

मग तुम्ही हा आकडा पाहावा का? जरूर पाहा. तुमच्याइतकी तयारी असलेल्या वाचकानं तो पाहायलाच हवा. रिझर्व्ह बँक दर शुक्रवारी साप्ताहिक आकडेवारी देते, त्यात तिच्या येण्या-देण्यांचा छोटा तक्ता असतो. वार्षिक अहवाल मेच्या अखेरीस येतो. त्यात ताळेबंदाचं प्रकरण वेगळं असतं आणि ते तुम्हाला इतरांपेक्षा सोपं जाईल. एकूण आकड्यावर थांबू नका. येण्यांत काय वाढलं ते पाहा. सोनं आणि परकीय मालमत्ता वाढली असेल तर भाव किती वाढला आणि वजन किती, हे वेगळं करा. सरकारी रोखे वाढले असतील तर ती बहुधा जाणूनबुजून केलेली खरेदी. मग समोर पाहा. वाढ पुनर्मूल्यांकनाच्या खात्यांत जिरली की बँकांच्या शिलकीत आली? बँकांच्या शिलकीत आली असेल, तरच तिचा ठेवी-कर्जांच्या दराशी संबंध पोहोचतो. पतसंस्थेच्या लेखापरीक्षणात तुम्ही ‘ही रक्कम कुठून आली’ असं विचारत होतात ना, तोच प्रश्न इथं चालतो.

तुमच्या ठेवीबाबत सांगायचं तर ताळेबंदापेक्षा रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना उसने पैसे देते तो दर, आणि बँकांकडची रोकड या दोन गोष्टी जवळच्या. 2025 मध्ये रेपो दर 6.5 टक्क्यांवरून डिसेंबरपर्यंत 5.25 टक्क्यांवर आला आणि ठेवींचे दरही त्याच्या मागोमाग उतरले. त्यामुळे जुन्या ठेवीइतकं व्याज नव्या ठेवीवर मिळेल ही अपेक्षा सोडा. सगळी रक्कम एकाच मुदतीत अडकवू नका. तीन-चार भाग करून वेगवेगळ्या वर्षी पूर्ण होतील असे ठेवा, म्हणजे पुढे दर वाढले तर थोडी रक्कम मोकळी असेल. एका बँकेत विमा संरक्षण मुद्दल-व्याज मिळून 5 लाखांपर्यंतच असतं, तेही ध्यानात ठेवा. चार पैसे जास्त व्याज मिळतं म्हणून सगळं एकाच ठिकाणी टाकू नका, हे तर पतसंस्थेत काम केलेल्या माणसाला मी सांगायला नको.

एसआयपीचे पैसे पुढची सात-आठ वर्षं लागणार नसतील तर ती चालू द्या. दोन-तीन वर्षांत लागणार असतील तर हळूहळू ते ठेवीत वळवा, मग फेडची रेषा वर असो की खाली. आणि पुतण्या पुढच्या वेळी घरी आला की त्याच्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालातला ताळेबंदाचा तक्ता ठेवा आणि सोन्याच्या ओळीपासून सुरुवात करा. हिशेब शिकवायला त्याला तुमच्याइतकं योग्य माणूस घरात दुसरं नाही.